चेअरमन रात्री येतात

विस्कॉन्सिनला मुलीकडे पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी माझी नोंद अस्वल म्हणून झाली.

झालं असं, की जेट लॅगमुळे मला पहाटे साडेतीनलाच टक्क जाग यायची. मुलगी-जावई झोपलेले. चहापत्ती कुठल्या फडताळात आहे ते ठाऊक होतं, पण नेमकं त्याच फडताळाचं दार कुरकुरायचं. त्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं. जुलै संपत आला होता तरी हवा चौदा-पंधरा अंशांवर. पुण्यात एवढ्यावर शेकोट्या पेटतात. मी माकडटोपी चढवली, वर मुलीची काळी लोकरी शाल लपेटली आणि घरामागच्या झाडीच्या कडेने एक फेरी मारून आलो. संध्याकाळी शेजारी दारात. हातातला फोन त्याने माझ्यापुढे धरला. फोटोत एक वाकलेली, केसाळ आकृती झाडाला टेकून उभी होती. खाली वेळ पहाटे ४.५१. आणि फोनमधल्या ॲपने स्वतःच्या अकलेने लिहिलं होतं : अस्वल.

"हे तुम्हीच का?" त्याने अदबीने विचारलं.

मी चष्मा लावून नीट पाहिलं. "टोपी माझी आहे," म्हटलं.

मी टेकलो होतो त्याच्या समोरच्या झाडाला, पट्ट्याने आवळून, अर्ध्या विटेएवढी एक पेटी बांधलेली होती. झाडाच्या सालीसारखा रंग, पुढे काचेचा डोळा. याला तिकडे ट्रेल कॅमेरा म्हणतात. शेजाऱ्याच्या सासऱ्यांचं आमच्या कुंपणाला लागून चाळीस एकर रान आहे, त्यात या गृहस्थाने अशा सात पेट्या बांधल्या होत्या. समोरून ऊबदार अंगाचं काहीही हललं की आतल्या सेन्सरला कळतं आणि खटकन फोटो निघतो. रात्री प्रकाश पडतो तोही इन्फ्रारेड, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. पोटात आठ पेन्सिल सेल. तेही लिथियमचे, कारण साधे सेल तिथल्या थंडीत माना टाकतात. स्वस्तातला कॅमेरा कार्डावर फोटो साठवतो. महागात सिमकार्ड असतं, तो फोटो थेट फोनवर पाठवतो आणि त्याला दर महिन्याला रिचार्ज लागतो. सख्ख्या भावाच्या फोनचं रिचार्ज विसरणारा माणूस हरणाचं विसरत नाही, हे मी तिथे पाहिलं.

हे सगळं कशासाठी, तर नोव्हेंबरातल्या नऊ दिवसांसाठी. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरणं मारायचा मोठा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नंतरच्या रविवारी संपतो. नऊ दिवसांच्या शिकारीसाठी बारा महिने पाळत. पण नऊ दिवसांच्या उत्सवासाठी वर्षभर वर्गणी मागणारी मंडळं आमच्याही गल्लीत आहेत, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो एका कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन आमच्याकडे आला. मी बँकेतून निवृत्त झालेला. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकूण फोटो १,१४३. त्यांतले ६१२ गवताचे. उन्हाने तापलेलं गवत वाऱ्यावर डोललं की कॅमेऱ्याला ते जनावर वाटतं. १८७ खारींचे, ९४ रॅकूनचे, ७० रानटर्कींचे, ३१ सासऱ्यांच्या ट्रॅक्टरचे. २२ फोटोंत सेल बदलताना वाकलेला शेजारी स्वतः होता, तोही मागून. माझा एक. राहिले १२६, ती हरणं. त्यांतल्या बहुतेक माद्या आणि पाडसं. शेजाऱ्याला हवा होता तो मोठ्या शिंगांचा नर एकूण नऊ फोटोंत होता, सगळे रात्री एक ते चारच्या मधले, आणि तीन फोटोंत फक्त शेपूट. या हरणाची शेपटी खालून पांढरीशुभ्र असते आणि पळताना ते ती झेंड्यासारखी उभी करतं. म्हणून त्याचं इंग्रजी नावच पांढरशेपट्या आहे. शिकाऱ्यांना त्याचं बहुधा हेच अंग दिसत असल्यामुळे नाव समर्पक आहे.

शिंगांचं थोडं सांगायला हवं, कारण सगळा जीव त्यांत अडकलेला असतो. काळविटाचं शिंग जन्मभराचं. चितळ-सांबरांची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात, तसंच याचं. उन्हाळ्यात ती वाढत असताना वर मखमलीसारखी कातडी असते, सप्टेंबरात ती झाडांना घासून निघते, हिवाळ्यात शिंगं गळून पडतात. दरवर्षी नवी शिंगं, म्हणजे दरवर्षी नवी चर्चा. टोकं मोजतात. सहाटोकी, आठटोकी. दहाटोकी म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो.

आणि मग नाव ठेवतात. कॅमेऱ्यात दिसलेल्या प्रत्येक देखण्या नराला नाव असतं, आणि त्या नावांच्या यादीला 'हिट लिस्ट' म्हणतात. बारसं करून मग मुडदा पाडायचा, हा क्रम मला जरा विचित्र वाटला, पण पाहुण्याने बोलू नये. यंदाचा तो दहाटोकी नवा होता, त्याला अजून नाव नव्हतं. आमची ही पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि लॅपटॉपवर नजर पडताच थबकली. भरलेली मान, हनुवटी वर, नजर कॅमेऱ्याकडे नाही तर कॅमेऱ्याच्या वरून पलीकडे. वेळ रात्री २.१४.

"अगंबाई," ती म्हणाली, "हे तर आपले चेअरमन!"

आमच्या सोसायटीचे चेअरमन. चौसष्ट सदनिका, गच्चीची गळती तीन पावसाळे जुनी, आणि हे गृहस्थ रात्री साडेअकरानंतर गाडी लावणार, सकाळी दूधवाल्याच्या आधी बाहेर पडणार. दिवसाउजेडी त्यांना कुणी पाहिलेलं नाही. ते अस्तित्वात आहेत याचा एकमेव पुरावा म्हणजे सीसीटीव्ही.

शेजाऱ्याने विचारलं, काय म्हणाल्या? मुलीने हसू दाबत तेवढा एकच शब्द सांगितला. "चेअरमन," त्याने दोनदा म्हणून बघितलं. त्याला फारच आवडला. भारदस्त, म्हणाला. पंधरा दिवसांत हार्डवेअरच्या दुकानातला माणूस माझ्याशी हात मिळवून विचारत होता, "चेअरमन दिसले का?" त्या अनोळखी गावात, परक्या भाषेत, मला आमच्या सोसायटीच्या जिन्यात उभं असल्यासारखं वाटलं.

सीसीटीव्हीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. या बाबतीत मला अधिकार आहे. सोसायटीत आठ कॅमेरे बसवायचा ठराव माझाच. बसवल्यानंतर दोन महिन्यांत एका स्कूटरची बॅटरी चोरीला गेली. चित्रफीत पाहिली, तर चोर स्वच्छ दिसत होता. म्हणजे त्याची छत्री स्वच्छ दिसत होती. वॉचमनच्या खोलीत आठ चौकोनांचा पडदा आहे आणि त्यापुढे वॉचमन मोबाइलवर क्रिकेट बघत असतो. आपलं काय हुकलं, ते कॅमेरा अत्यंत प्रामाणिकपणे सांगतो. हुकू नये म्हणून तो काही करत नाही.

हे मी शेजाऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने आपलं दुखणं काढलं. लोक कॅमेरेच चोरतात. म्हणून त्याने एका कॅमेऱ्यावर लक्ष ठेवायला उंच फांदीवर दुसरा कॅमेरा बांधला होता. "आणि त्या दुसऱ्यावर कोण लक्ष ठेवतं?" मी सहज विचारलं. तो गप्प झाला, घरी गेला. पुढच्या आठवड्यात कॅमेरे आठ झाले होते.

एकदा तो मला कार्ड बदलायला बरोबर घेऊन गेला. निघण्यापूर्वी त्याने माझ्या पायांत रबरी बूट चढवले आणि डोक्यापासून तळव्यांपर्यंत वास घालवणारा फवारा मारला, द्राक्षबागेत मारतात तसा. हरणाचं नाक फार तिखट. माणसाचा वास लागला की वाट बदलतं. त्याला बिचाऱ्याला काय कल्पना, की त्याच्यापुढे खोबरेल तेल, गुडघ्यांना बाम आणि आदल्या रात्रीची लसणाची चटणी असा तिहेरी थर उभा आहे. चौथ्या नंबरच्या कॅमेऱ्यापाशी त्याने पेटीची खिटी काढली, झाकण उघडलं, तर आत मुंग्यांनी संसार थाटलेला. सेलांच्या खोबणीत तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी अंडी. त्याने पेटी तिरकी करून टकटक केली, बोटाने एकेक कोपरा साफ केला, उरलेल्या मुंग्यांवर हलकेच फुंकर घातली. बंदुकीच्या माणसाचा हात एवढा हळुवार असेल असं मला वाटलं नव्हतं. मग भिंगासमोरच्या गवताच्या चार काड्या उपटल्या, आणि कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेलाच आहे ना ते होकायंत्रावर तपासलं. इतर दिशांना सूर्य भिंगात शिरतो आणि फोटोत हरणाऐवजी साक्षात्कार दिसतो.

आमच्या भेटीनंतर चाळीस मिनिटांनी तिथे एक मादी आली. मी ज्या झाडाला टेकलो होतो त्याला तिने नाक लावलं, मान झटक्यात मागे घेतली आणि थेट कॅमेऱ्याकडे बघितलं. तो फोटो मुलीने फ्रेम करून घेतला आहे. ते झाड नंतर तीन आठवडे ओस होतं. या धंद्यातली खरी गोम ही, की हरणं येतात का ते बघायला जाणं हाच हरणं न येण्याचा खात्रीचा उपाय आहे. म्हणूनच ते सिमकार्डवालं प्रकरण निघालं. आपण सोफ्यावर बसायचं, जंगलात पाय ठेवायचा नाही.

एका संध्याकाळी त्याने मला विचारलं, भारतात तुम्ही कुठलं हरीण मारता? मी म्हटलं, आमच्याकडे मारलं तर तुरुंगात जावं लागतं, १९७२चा कायदा आहे. पण या कॅमेऱ्यांत आम्ही तुमच्या मागे नाही बरं का. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो निघाले. गिनीज बुकात नोंद आहे. त्यांत वाघांचे ७६,६५१. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यावरून एकेक ओळखून २,४६१ वाघ वेगळे काढले. हे सांगताना माझी छाती फुगली, जणू ताडोब्यात सेल मीच भरले होते. शेजाऱ्याने मनातल्या मनात काही भागाकार केला असावा. "म्हणजे साडेतीन कोटींत पाऊण लाख," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला प्रथमच समाधान दिसलं. गवत सगळीकडे सारखंच हलतं.

"आणि वाघ कुठे आहे ते इतकं पक्कं कळल्यावर तुम्ही काय करता?"

"जीपमध्ये बसून जातो. फोटो काढतो."

"पण फोटो तर आधीच निघालेला असतो ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

या कॅमेऱ्याच्या मूळपुरुषाची गोष्ट मात्र मी त्याला सांगितली. जॉर्ज शायरस हा पेनसिल्व्हेनियाचा वकील, पुढे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये खासदारही झाला. विस्कॉन्सिनच्या डोक्यावर मिशिगनचा जो तुकडा आहे, तिथल्या मार्केट गावाजवळच्या व्हाइटफिश तळ्यावर तो आधी बंदूक घेऊन जायचा. मग बंदूक ठेवली आणि कॅमेरा घेतला. हरणांच्या वाटेवर आडवी दोरी बांधायची. हरणाचा पाय लागला की मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडायचा आणि हरीण स्वतःचाच फोटो काढून मोकळं व्हायचं. फोटो उत्तम यायचा. पुन्हा त्या वाटेला यायची हरणाची इच्छा राहायची की नाही, हा भाग वेगळा. १९०६च्या जुलैच्या अंकात 'नॅशनल जिऑग्राफिक'ने त्याचे ७४ फोटो छापले, तेव्हा संस्थेच्या मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले. आपलं विद्वत्तापूर्ण मासिक चित्रांचं पुस्तक होत चाललं, ही त्यांची तक्रार. म्हणजे ज्याने बंदूक खाली ठेवायला कॅमेरा उचलला, त्याचीच युक्ती शंभर वर्षांनी बंदुकीच्या सेवेला लागली. शेजाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या भडक्यानंतर जवळपासची हरणं किती दिवसांनी परत यायची, एवढंच विचारलं.

सगळीकडे या कॅमेऱ्यांना मोकळं रान नाही. अ‍ॅरिझोनात वाळवंट, जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येणार. तिथे एकेका पाणवठ्याभोवती कॅमेऱ्यांचं कोंडाळं बसलं, कार्डं बदलायला माणसांची ये-जा सुरू झाली आणि तहानेल्या जनावरांना पाणी पिणं अवघड झालं. २०२१च्या जूनमध्ये तिथल्या आयोगाने पाच विरुद्ध शून्य मतांनी शिकारीसाठी हे कॅमेरे वापरायला बंदी केली, १ जानेवारी २०२२पासून लागू. थिओडोर रूझवेल्टने १८८७मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबची भूमिकाही अशीच आहे : फोनवर त्या क्षणी आलेला फोटो बघून मारलेलं जनावर ते विक्रमाच्या वहीत घेत नाहीत. शेजाऱ्याला हा अन्याय वाटतो. त्याच्या सासऱ्यांना तो उशिरा मिळालेला न्याय वाटतो.

सासरेबुवा एक्याऐंशी वर्षांचे. फोन घडीचा. शिकारीचं साहित्य म्हणजे जुनी बंदूक आणि रंगाची रिकामी प्लास्टिकची बादली. बादली उपडी घालायची, कुंपणाच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात, आणि बसायचं. पन्नास वर्षं तोच कोपरा. बादली मात्र मधे एकदा बदलली.

हंगामाच्या आदल्या शुक्रवारी गावाचं रूप पालटलं. कायद्याने कमरेच्या वरचे निम्मे कपडे तरी झगझगीत नारिंगी हवेत, म्हणजे शिकाऱ्याने शिकाऱ्याला मारू नये. हरणाला तो रंग वेगळा कळत नाही. २०१६पासून गुलाबीही चालतो, पण आमच्या गावात तो मला दिसला नाही. पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, रस्त्यावर जिकडेतिकडे नारिंगी माणसं उत्तरेकडे निघालेली. राज्यात पाच-साडेपाच लाख परवानाधारक, त्यांतले बरेचसे एकाच रात्री रस्त्यावर. "ही कुठली दिंडी?" आमच्या हिने विचारलं. मुलीने सांगितलं, नवरे असे हरणांमागे गेले की मागे राहिलेल्या बायकांना इथे गमतीने हरीण-विधवा म्हणतात आणि दुकानं त्या शनिवार-रविवारी त्यांच्यासाठी खास सेल लावतात. आमची ही पंचवटीतली. ती म्हणाली, "नवरा हरणामागे गेल्यावर घरी काय होतं ते आम्हाला नका सांगू. आमच्या गल्लीतलीच गोष्ट आहे ती." पण सेलला गेली. दोन स्वेटर आणले.

शनिवारी सासऱ्यांनी मला बरोबर नेलं. मलाही नारिंगी बंडी आणि एक बादली. उणे सहा अंश. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून परवानगी, तोवर काळोखात नुसतं बसणं. म्हाताऱ्याने एकदा हातमोजा काढून ओलं बोट हवेत धरलं, वारा समोरून आहे म्हणून मान डोलावली. त्यानंतर तासभर काही नाही. माझं नाक कुठे संपतं ते मला कळेनासं झालं. ७.२०ला कुंपणाच्या कडेने एक तरुण नर आला, दोन दोन टोकांची छोटी शिंगं. थांबला. एकच आवाज झाला आणि तो जागीच बसला. जवळ गेलो तेव्हा त्याच्या अंगातून वाफ निघत होती. म्हाताऱ्याने टोपी काढून थोडा वेळ हातात धरली. मी दुसरीकडे बघितलं. या विषयावर विनोद करायला बसलो असलो तरी त्या दोन मिनिटांत मला काही सुचलं नव्हतं.

साडेआठला आम्ही घरी पॅनकेक खात होतो.

आणि त्यांचे जावईबापू, म्हणजे आपले शेजारी? ते मचाणावर. हो, लोखंडी शिडीचं मचाण असतं, झाडाला बांधलेलं. पहिल्या दिवशी त्याच्या समोरून एक सहाटोकी गेला, त्याने सोडला. दुसऱ्या दिवशी एक झकास आठटोकी, चाळीस पावलांवर, आडवा उभा. तोही सोडला. का? तर चेअरमन आहेत ना. आहेत हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आहे, फोटो आहे, वेळ आहे. आमच्या नात्यात एक मुलगा आहे, वय छत्तीस. विवाहाच्या साइटवर त्याने शेकडो स्थळं पाहिली. समोर बसलेली मुलगी कितीही चांगली असली तरी त्याच्या डोक्यात पान क्रमांक सत्तावीसवरची असते. माझ्या वडिलांना आईचा फोटोसुद्धा दाखवला नव्हता. बासष्ट वर्षं संसार झाला. सासरेबुवांना रानात चेअरमन आहेत हे ठाऊकच नव्हतं. म्हणजे जावयाने दहादा सांगितलं होतं, पण त्यांनी ऐकलं नव्हतं.

शिवाय ऑगस्टचा पुरावा नोव्हेंबरात चालत नाही. शरद ऋतू लागला की पुष्कळ नर आपला उन्हाळी मुलूख सोडतात, आणि नोव्हेंबरात माज चढला की मादीच्या मागे कुठल्या कुठे भटकतात. आठ आठ कॅमेरे जे काटेकोरपणे सांगत होते तो सगळा मागच्या तिमाहीचा ताळेबंद होता. तिसऱ्या रात्री चेअरमन आले मात्र. थेट मचाणाखाली, ३.०७ला. शेजाऱ्याच्या उशाशी फोन वाजला, तो उठला, बायको उठली, कुत्रा उठला. कायद्याने करण्यासारखं काही नव्हतं. ती तिघं स्वयंपाकघरात बसून फोटो बघत राहिली.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आम्ही होतो. रिकाम्या हाताने बसलेल्या जावयाला धीर द्यावा म्हणून म्हातारबुवांनी जेम्स जॉर्डनची गोष्ट काढली. त्या भागात ती सर्वांना पाठ आहे. १९१४मध्ये विस्कॉन्सिनच्याच डॅनबरी गावापाशी या जॉर्डनने एक प्रचंड नर मारला. मुंडकं भरायला एकाकडे दिलं, पाच डॉलरला. तो भरणारा मिनेसोटात निघून गेला आणि मुंडकंही गेलं. १९६४ साली एका जुन्या बाजारात ते तीन डॉलरला विकलं गेलं. मग कुणी मोजलं तर २०६ १/८ गुण, त्या वर्गातला तेव्हाचा जागतिक विक्रम. घेणारा जॉर्डनचा लांबचा नातेवाईक निघाला, पण हे तुझंच हे सिद्ध व्हायला १९७८चा डिसेंबर उजाडला. जॉर्डन दोन महिन्यांपूर्वीच वारला होता. "कॅमेरा नव्हता त्याच्याकडे," म्हातारबुवा टर्की कापत म्हणाले. धीर देण्याची ही पद्धत मला आपल्याकडच्या सासऱ्यांचीच वाटली.

जेवणानंतर मी हिशेब मांडला; राहवलं नाही. आठ कॅमेरे सरासरी नव्वद डॉलर, म्हणजे ७२०. त्यांतल्या चार सिमकार्डवाल्यांचं सहा महिन्यांचं रिचार्ज २४०. एकेकात आठ याप्रमाणे सेल, दोनदा बदलले, २५६. कार्डं ८०. एकूण १,२९६ डॉलर. मांस शून्य किलो. दुसऱ्या बाजूला परवान्याचे २४ डॉलर, एक काडतूस, बादली फुकट, आणि फ्रीजरमध्ये अठरा किलो. किलोला दीड डॉलरसुद्धा पडला नाही. शून्याने भागता येत नाही, तेव्हा शेजाऱ्याचा दर काढताच आला नाही. बँकेत अशा खात्याला एनपीए म्हणतात, एवढंच त्याला सांगितलं.

त्याची बायको पटकन म्हणाली, "पण तो संध्याकाळी घरी असतो." आणि ते खरं होतं. ऑगस्टपासून दर आठवड्याला कार्ड यायचं. त्याची दोन मुलं, आम्ही दोघं, मुलगी, जावई, सगळे लॅपटॉपभोवती. पाडसांच्या अंगावरचे पांढरे ठिपके आठवड्या-आठवड्याला फिके होत गेलेले मी पाहिले. एक रॅकून कॅमेऱ्याचं झाकण उघडायचा प्रयत्न करताना सलग एकोणीस फोटोंत होता, आणि विसाव्यात नुसतं आभाळ. तिकीट काढून बघावं असं त्यात पुष्कळ होतं. हरीण मारायला म्हणून कुणी विचारलं तर माझं मत स्पष्ट आहे : बादली घ्या. सहा महिने मुलीकडे राहायला गेलेल्या, गाडी चालवता न येणाऱ्या सासऱ्या-मेहुण्यांसाठी म्हणून कुणी विचारलं, तर दोन घ्या, सिमकार्डवाले.

जानेवारीत आम्ही परतलो. निघताना शेजाऱ्याने माझा फोन घेऊन त्यात ते ॲप घालून दिलं. आता तिकडे रात्रीचे तीन वाजतात तेव्हा इकडे दुपारचे अडीच, आणि जेवून जरा पडावं तर उशाशी टुंग वाजतं. ही म्हणते, बंद करा ते. मी करत नाही. परवा शेजाऱ्याने एका शिंगाचा फोटो पाठवला : चेअरमनचं डावं शिंग, पाच टोकं, गळून पडलेलं, कॅमेरा नंबर चारपासून चाळीस पावलांवर सापडलं. त्या दिवशी नंबर चारने २१२ फोटो काढले होते, सगळे एका फांदीचे. पुढच्या वेळी याल तेव्हा घेऊन जा, असं त्याने लिहिलं आहे. मी लिहिलं, तिथेच राहू दे, किल्ल्या अडकवा. मुंबईच्या कस्टमवाल्याला समजावायची माझी तयारी नाही.

चेअरमन जिवंत आहेत. शिंगं नसल्यामुळे सध्या फोटोत ओळखू येत नाहीत. आमचे इकडचे चेअरमन मात्र आठवडाभर रोज सकाळी दहा वाजता गेटपाशी उभे असतात, सगळ्यांना नमस्कार करतात आणि परवा गळती बघायला स्वतः गच्चीवर गेले होते. सोसायटीची निवडणूक मार्चमध्ये आहे.